भिरकावलेलं ताट

राजदीप,

पायलले घेऊन मी बाभुळगावले, तिच्या माहेरी चालली. काल आलू-कांद्याची भाजी पाहून तू ताट भिरकावलं. "रोज रोज हेच कायले?" म्हणे! अंगात ताप असून तुह्या बायकोनं उभं राहून आलू तळले होते, ते तुले दिसलं नाही.

टोपलीत आलू-कांदे हायेत. आता तूच चिर अन् तूच तळ. कांदा मागून टाकजो, नाही तं जळते. भिंतीवर उडालेली भाजी मी पुसली नाही. ते बी तुह्यंच काम.

तिले न्यायले येशील तं जावयाचा रुबाब घरी ठेवून येजो. आधी माफी मागजो.

निघताना पायल म्हणे, "आई, ह्यायच्यासाठी दोन पोळ्या टाकून ठेवू काय?" मीच नाही म्हटलं.

– आई