गुरुवारच्या सातच्या बातम्या

सोमवार, ३ मार्च
पुन्हा काळा पडदा! सेट-टॉप बॉक्सच्या वायरीने टीव्हीवर चित्र लख्ख, पण रेकॉर्ड करायला तीच वायर संगणकाला लावली की अंधार. तीन दिवस राहिलेत आणि मी इथेच अडकलेय.

शुक्रवारी ह्यांचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. डॉक्टर म्हणाले, "आवाज जाईल, माणूस राहील." सव्वीस वर्षं टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या माणसाला हे सांगायचं! तीन आठवडे घरात मौन, हातात लेकीची जुनी पाटी. उरलासुरला आवाज जपताहेत तो गुरुवारच्या सातच्या बातम्यांसाठी – शेवटच्या.

चॅनेलवाले महिन्याभरात सगळं पुसून टाकतात. घरातल्या जुन्या फितींना बुरशी लागलीय. म्हणजे गुरुवारी मी पकडला तरच ह्यांचा आवाज राहणार.

सासूबाई म्हणतात, "मोबाइल धर की टीव्हीसमोर." नको! त्यात घरातला सगळा गोंगाट येतो. मला फक्त ह्यांचा आवाज हवाय, स्वच्छ.

मंगळवार, ४ मार्च
धाकटे भाऊजी ऑफिसातून थेट आले. "वहिनी, त्या एचडीच्या वायरीला कुलूप असतं. नक्कल करू देत नाही ती." मग जुन्या पद्धतीच्या वायरी लावल्या – चित्राच्या तीन, आवाजाच्या दोन, मध्ये एक डबी. आणि आलं की चित्र! बागकामाचा कार्यक्रम पाच मिनिटं रेकॉर्ड केला. पानांच्या शिरा मोजता येतील, आवाजही खणखणीत.

ह्यांनी पाटीवर लिहिलं – "एवढा खटाटोप कशाला?" मी फटकन म्हटलं, "तुम्ही गप्प बसा!" आणि जीभ चावली. हे हसले. नुसते खांदे हलले.

बुधवार, ५ मार्च
संगणक मध्येच झोपी जातो, ते बंद केलं. डिस्क रिकामी केली. वायरींवर चिकटपट्टी मारली. सासूबाईंना झाडू घेऊन तिकडे जायची बंदी. "मी काय उंदीर आहे वायरी कुरतडायला?" म्हणाल्या.

पुन्हा तपासलं. ठीक आहे.

गुरुवार, ६ मार्च
साडेसहाला लेकीचा व्हिडिओ कॉल, नेमका संगणकावर! "आई, सगळं लावलंस ना?" लावलं गं! रडत होती, ठेववेना. सातला पाच कमी असताना घाईघाईने बंद केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

वाचलं ह्यांनी. एकदाही अडखळले नाहीत! शेवटी रोजचंच – "भेटू पुन्हा." बघणाऱ्यांना पत्ताच नाही.

फाइल उघडून बघायचा धीर होत नाही. सकाळी बघीन.

शुक्रवार, ७ मार्च
दवाखान्यात निघण्याआधी उघडली. घात झाला.

कॉलसाठी संगणकाने कॅमेऱ्याचा माइक धरला होता. आवाज मी परत वायरींवर आणलाच नाही! चित्र स्वच्छ, पण आवाज सगळा खोलीतला. ह्यांचा आवाज लांबून, टीव्हीतून. वर कुकरच्या शिट्ट्या, सासूबाईंचा खोकला, खुर्चीची करकर, माझी बडबड. नको होता तोच गोंगाट! पुढे ऐकवेना, बंद केलं. एवढं एकच काम होतं माझ्याकडे.

नऊला आत नेलं. जाताना पाटी दाखवली – "नीट आलं?"

हो म्हटलं मी.

शनिवार, ८ मार्च
ऑपरेशन नीट झालं. माणूस राहिला.

मंगळवार, १८ मार्च
हे काल घरी आले. आज मी भाजी घेऊन आत शिरते तर संगणकासमोर बसलेले, तीच फाइल लावून. "चुकलं हो माझं. खोटं बोलले," म्हटलं.

ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. शेवट पुन्हा लावला. लांबून ह्यांचा आवाज – "भेटू पुन्हा." आणि लगेच, अगदी जवळून, माझा – "या लवकर. जेवायची थांबलेय."

ह्यांनी पाटी पुढे केली – "रोज म्हणायचीस?"

"सव्वीस वर्षं," म्हटलं.

ह्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं – "अजून एकदा लाव."