घाट उतरायची गाडी

पोफळी, ता. चिपळूण
४ नोव्हेंबर २०२४

चि. सयाजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून नेहमीसारखा कागद घेतला. दिवाळीला शेजारचा चिमाजी तळवड्याहून गावी आला होता. त्याने सांगितलं की तू तुझ्या दोस्ताच्या, ज्ञानदेवच्या वर्कशॉपमध्ये चाकांवरचं घर बांधून घेतलंस. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीसुद्धा आहे म्हणे. आणि आता ते मागे जोडून ओढायला डिझेलची पिकअप शोधतोयस.

मला आधी हसू आलं. मग हातातलं काम सुचेना. एकतीस वर्षं प्रेसशॉपमध्ये काढून तुझे कान गेले. मागून हॉर्न वाजला तर तुला सांगणार कोण? साठी उलटल्यावर ही हौस कुठून आली?

दुसरंही लिहूनच टाकते. चार वर्षांत तुम्ही दोघं जोडीने माझ्या दारात आला नाहीत. सार्थकच्या लग्नाला तू एकटा आलास, अक्षता टाकल्यास आणि पहिल्या गाडीने परत गेलास. विजयाला बरं नाही, म्हणालास. माझ्या एकुलत्या एका मुलाचं लग्न होतं, सयाजी. बरं नसलेल्या माणसाला घर पाठीशी बांधून गावोगाव फिरावंसं वाटतं, हे मला नवीन आहे. तिला माझं दार नको असेल तर तसं कळव. मी वाट बघणं सोडेन.

वर्षालीला आशीर्वाद. रागावलेली असले तरी बहीण तुझीच,
कुसुम

संत तुकाराम नगर, पिंपरी
१३ नोव्हेंबर २०२४

ती. कुसुमताईस,
सयाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, त्यामुळे शिव्याही दोनदा खाल्ल्या. कानाला मशीन लावलं की समोरच्याचं बरंचसं कळतं. फोनवरचंच तेवढं खरखरतं. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नाही.

गाडीचं सांगतो. चाकणला कंपन्यांचे पार्ट पोचवणारी एक लहान पिकअप माझ्या मनात भरलीय. डिझेल इंजिन, दोन माणसांची केबिन, आमच्या गल्लीत सहज वळते. मालक दादासाहेब जुन्या ओळखीचा. तो म्हणतो, ट्रेलरचं काय घेऊन बसलात, आख्खी चाळ ओढेल. वर्षालीला मात्र ती पसंत नाही. तुझी भाची कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासते, त्यामुळे तिला प्रत्येक गाडी न थांबणारीच वाटते. ती म्हणते, बाबा, ओढेल कुणीही, उतारावर धरून कोण ठेवणार ते बघा. भरलेला ट्रेलर तेराशे किलोचा आणि तुमची रिकामी पिकअप बाराशेची. तिला चार दारांची, जड पिकअप हवीय. त्या गाडीचं तोंड वळेपर्यंत आमची गल्ली संपते.

बापलेकीत आठ दिवस अबोला झाला. शेवटी असं ठरलं की घेण्याआधी दादासाहेबाची गाडी मागून आणायची, ट्रेलर जोडायचा आणि भंडारा डोंगराच्या रस्त्याने चढून-उतरून बघायचं.

विजयाचं मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या मनात तुझ्याबद्दल काही वाईट नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही, ताई.

तुझ्या रागासकट तुझी माया हवी असलेला,
सयाजी

पोफळी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. सयाजीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तू उतार हा शब्द इतक्या सहज लिहिलास.

तुझे दाजी कसे गेले ते तुला माहीत आहे. ट्रॅक्टर उलटला, एवढंच मी सगळ्यांना सांगत आले. बाकीचं आज लिहिते. घराच्या मागच्या भिंतीसाठी ते खाणीतून चिरे आणत होते. दोन खेपांचे चिरे उरले होते. मी सकाळीच म्हणाले होते, दोन खेपा कशाला करता, सगळे एकदमच भरा, दुपारच्या जेवणाला घरी याल. त्यांनी माझं ऐकलं. मी वळणाच्या वर उभी राहून बघत होते. ट्रॅक्टर हळू झाला, पण मागची ट्रॉली हळू झाली नाही. तिने ट्रॅक्टरला बाजूने रेटलं. तिला पुढे जायचं होतं असंच वाटत होतं. सार्थक तेव्हा आठ वर्षांचा होता.

म्हणून सांगते, मागून जोडलेल्या वजनाच्या नादी लागू नकोस. तो डोंगर नको आणि ती पिकअपही नको. विजयाला फिरायचंच असेल तर एसटीने फिरा, रेल्वेने फिरा. एका बाईच्या हौसेसाठी मी माझा भाऊ घालवणार नाही. हे वाक्य तिला वाचून दाखवलंस तरी चालेल.

परत पत्र येईपर्यंत जीव टांगून बसलेली,
कुसुम

पिंपरी
९ डिसेंबर २०२४

ती. कुसुमताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं, पण मी ते आपल्या सोयीने वाचलं आणि रविवारी सकाळी डोंगरावर गेलो. खोटं लिहीत नाही. काय झालं ते सांगतो.

चढताना पिकअपने कुरकूर केली नाही. मी वर्षालीकडे बघून हसलोसुद्धा. उतरताना दुसऱ्या वळणाला ब्रेक दाबला आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. आरशात ट्रेलर डावीकडे दिसला, मग उजवीकडे, आणि पिकअपचं मागचं टोकही त्याच्याबरोबर हलायला लागलं. मी ब्रेक आणखी जोरात दाबला. शेजारी वर्षाली ओरडत होती. तिचं तोंड हलताना दिसत होतं, पण इंजिनाच्या आवाजात शब्द एकही कळत नव्हता. ब्रेक सोडा आणि हळूहळू दाबा, असं ती सांगत होती, ते मला नंतर कळलं. शेवटी डोंगराकडच्या गटारात चाक गेलं आणि गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही.

वर्षाली उतरून रस्त्याच्या कडेला बसली. मग तिने माझ्यासमोर येऊन सावकाश विचारलं, तुम्हाला माझं ऐकूच आलं नाही ना?

ज्ञानदेवला ट्रेलरसाठी गिऱ्हाईक बघायला सांगितलंय. तुझ्या मनासारखं झालं. ट्रेलरचे पडदे विजयाने स्वतः शिवले होते. ते काढून तिने कपाटात ठेवले आणि स्वयंपाकाला लागली.

तुझा,
सयाजी

पिंपरी
११ डिसेंबर २०२४

ती. वन्संना,
विजयश्रीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं ते वाक्य यांनी मला वाचून दाखवलं नाही. पत्र टेबलावर होतं, मीच वाचलं. तुमचा राग चुकीचा नाही. तुम्हाला कुणी खरं सांगितलंच नाही, आणि तसं न सांगण्याची शपथ यांना मीच घातली होती.

चार वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं ते तुम्हाला सांगितलं तसं मूळव्याधीचं नव्हतं. आतड्याचा कॅन्सर होता. तो गेला, दर सहा महिन्यांनी तपासण्या होतात, त्या चांगल्या येतात. पण शौचाची वाट डॉक्टरांनी पोटावर काढलीय. तिथे कायम पिशवी लावलेली असते. ती कधी भरेल ते माझ्या हातात नसतं. भरली की लगेच पाणी लागतं, कडी लागेल असं दार लागतं आणि थोडा वेळ लागतो. एसटीत यातलं काय मिळणार? सांगवीला माझ्या भावाचं घर आहे, पण तिथेही मी अर्ध्या तासावर बसत नाही. वास आला तर, या धास्तीने चहाही घेत नाही.

सार्थकच्या लग्नाला मी इरकल नेसून तयार होते. दारात गाडी आली आणि पिशवी गळली. यांनी मला धुवायला मदत केली. मग मीच यांना एकट्याला पाठवलं आणि दिवसभर दार लावून बसले.

ट्रेलरची कल्पना यांची. आपलं न्हाणीघर आपल्याबरोबर न्यायचं, म्हणाले. पहिल्यांदा कुठे जायचं विचारलं तेव्हा मी पोफळीचं नाव घेतलं होतं.

आता ते राहिलं. मला फक्त तुमच्या मनात गर्विष्ठ बाई म्हणून राहायचं नव्हतं.

तुमच्या मायेला पारखी होऊ इच्छित नसलेली,
विजयश्री

पोफळी
१९ डिसेंबर २०२४

चि. सौ. विजयास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही, सार्थकलाही नाही. चार वर्षांत मी तुझ्याबद्दल काय काय बोलले ते माझं मला आठवतंय. सुनेसमोर बोलले, शेजारणीसमोर बोलले. मोठ्या माणसाला माफी मागायची सवय नसते, तरी मागते. एवढं सगळं तू पिंपरीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सोसलंस आणि मी इथे रुसून बसले होते.

आता सयाजीला बोलाव आणि पुढचं त्याच्या हातात दे. सयाजी, ट्रेलर विकायचा नाही. वर्षाली म्हणते तीच जड गाडी घ्यायची, गल्लीत वळो न वळो. तुझ्या दाजींच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते, हे मला नंतर पोलिसांकडून कळलं. तुमच्या चाकांवरच्या घराला आहेत का, ते भाचीला विचार. आणि गाडी तिनेच चालवायची. तू कितीही चांगला चालवत असलास तरी शेजारच्याचं तुला ऐकू येत नाही. आता ते तुलाही कळलंय.

मला भीती वाटणार नाही असं नाही. तुमच्या वाटेतल्या कुंभार्ली घाटाचं नुसतं नाव निघालं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तरीही या. विजया, तू ये.

दोघांची,
कुसुमताई

पिंपरी
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

आईबाबांनी गाडीचं तुला मीच कळवावं असं ठरवलंय, म्हणजे तुला तांत्रिक प्रश्न विचारता येतील.

तू ब्रेकचं विचारलंस आणि माझी मान खाली गेली. ट्रेलरला ब्रेक नव्हते. बांधायला घेतला तेव्हा तो हलका होता, मग टाकी आली, पलंग आला, वजन वाढत गेलं. रोज आठ तास ब्रेक तपासणाऱ्या मुलीने घरचा ट्रेलर खाली वाकून बघितला नाही. त्या दिवशी आम्ही दोघं थोडक्यात वाचलो आणि त्यात अर्धी चूक माझी होती. हे बाबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की उरलेल्या अर्ध्याचं ओझं त्यांना पेलवेल.

आता ज्ञानदेवकाकांनी ब्रेक बसवलेत. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलरचा दांडा मागे दबतो आणि ट्रेलरची स्वतःची चाकं आवळली जातात. पाण्याची टाकी अगदी मागे होती, तिच्यामुळेच शेपूट हलत होतं. ती चाकांच्या पुढे घेतलीय. पिकअप एका कंत्राटदाराकडची, चार दारांची, दोन टनांची. डिझेल इंजिन खालच्या गिअरला टाकलं की उतारावर गाडी स्वतःच धरून ठेवतं, ब्रेकवर उभं राहावं लागत नाही. गल्लीत शिरत नाही, म्हणून मैदानाशेजारी लावतो.

भंडारा डोंगर अकरा वेळा उतरले. पहिल्या तीन वेळा एकटी. चौथ्या वेळी बाबा आले. किल्ली त्यांच्याच खिशात होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि स्वतःहून डावीकडचं दार उघडून बसले. पाचव्या वेळी आई पुढे येऊन बसली.

१४ फेब्रुवारीला निघू, कोयनानगरला मुक्काम करू आणि १५ तारखेला सकाळी उजेडात घाट उतरू. मला अजूनही भीती वाटते. तुला सांगितलं, आईला सांगू नकोस.

तुझी,
वर्षाली

पोफळी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विजयास,
अनेक आशीर्वाद.

पिंपरीला सुखरूप पोचल्याचा वर्षालीचा फोन आला, तरी तुझ्या हातचं दोन ओळींचं पत्र पाठव. त्याशिवाय मला खरं वाटणार नाही.

त्या सकाळी मी सार्थकला घेऊन घाटाच्या पायथ्याशी सात वाजताच जाऊन बसले होते, हे तुला सांगितलं नव्हतं. साडेनऊ झाले, दहा झाले. सार्थक म्हणत होता, आई, घरी चल. मी रस्त्याकडे पाठ करून बसले, बघवेना. मग वरून खूप गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. सार्थकने हात धरून उठवलं. तुमची पिकअप इतकी सावकाश येत होती की मागे पंधरा-वीस गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे वैतागून हॉर्न मारत होते. सयाजी डावीकडे शांत बसला होता, त्याला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिथेच रडले. तुम्हाला वाटलं, धूळ गेली डोळ्यांत.

पहिले दोन दिवस तू जेवलीस की उठून ट्रेलरमध्ये जायचीस, झोपायलाही तिकडेच. मी तुला अडवलं नाही. सुनेला पिशवीचं सांगितलं तेही तुला विचारून मगच. तिने सार्थकच्या लग्नाच्या वेळी बांधलेल्या न्हाणीत नवी बादली आणि एक फळी ठेवली, तुझं सामान ठेवता येईल अशी, आणि त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आपण पडवीत कुळीथ निवडत बसलो होतो. ट्रेलर अंगणात वीस पावलांवर होता. तू उठलीस. मला वाटलं, निघाली. तू पायरीपाशी जरा थांबलीस, मग मागे वळलीस आणि मला विचारलंस, वन्सं, तुमची नवी न्हाणी कोणत्या बाजूला?

मी नुसतं बोट दाखवलं. तू आत गेलीस आणि मी सूप पुढे ओढून निवडलेलेच कुळीथ पुन्हा निवडत बसले.

आंब्याच्या दिवसांत या. गाडी वर्षालीनेच चालवायची.

तुम्हा तिघांत जीव अडकलेली,
कुसुमताई