एलिनची नदी

प्रिय एलिन,

तीन आठवडे तू खेळात फिरकली नाहीस. परवा तुझ्या आवडीचे वेलचीचे बन आणले, एकट्यानेच कॉफीबरोबर खाल्ले.

रविवारी मतदान आहे. आपल्या लिहून खेळायच्या खेळाचा सर्व्हर माझ्या जुन्या 'सी' भाषेतच ठेवायचा, की तू म्हणतेस तसा एर्लांग भाषेत नव्याने लिहायचा. गेल्या सभेत मी म्हणालो होतो, "अगं, ती टेलिफोन जोडायची भाषा! तिला जादूगार नि राक्षस काय कळणार?" सगळे हसले. तीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढणारा मीच, हे तू काढलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "सिक्सटेन, तिच्यात एकाचा फोन कापला तर अख्ख्या गावाचे कापले जात नाहीत."

मग तो शनिवार. आदल्याच दिवशी तू चालू खेळात तुझी नवी लिहिलेली नदी सोडली होतीस. मार्टाच्या सत्काराला एकेचाळीस जण जमलेले, आणि सगळेच्या सगळे बाहेर फेकले गेले. मार्टाने खेळात सोळा वर्षं वाढवलेली जादूगारीण पुसली गेली. अंथरुणाला खिळलेल्या मार्टाचं हिंडणं-फिरणं तेवढंच होतं गं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "एलिनच्या नदीनं बुडवलं!" आपल्यातल्या रॉल्फनं लगेच तुला 'पूरबाई' करून टाकलं.

सोमवारीच मला कळलं. त्र्याण्णव साली नावासाठी मी वीस अक्षरांची जागा ठेवली होती. त्या दिवशी एक नवा पाहुणा पंचवीस अक्षरांचं नाव घेऊन आला. उरलेली पाच शेजारच्या जागेत सांडली नि सगळं कोसळलं. नदीचा काही संबंध नव्हता. मी गुपचूप दुरुस्ती केली आणि तोंड शिवून बसलो. वाचनालयातलं एक पुस्तक घेऊन धडपडत शिकलेली 'सी' ही एकच विद्या माझ्यापाशी. ती मोडीत निघाली तर मला कोण विचारणार, ही भीती.

आज सकाळी खेळातल्या चौकातल्या फळ्यावर हे सारं माझ्या नावानं लिहिलं. मार्टालाही फोन केला. ती म्हणाली, "मी पहिल्यापासून सुरू करीन. तू आधी एलिनला आण." माझं मत तुझ्या भाषेला आहे, मला ती शिकवशील का, ते तू ठरव. त्या शनिवारी मी काढून टाकलेली तुझी नदी परत सोडली आहे. तिच्यावरचा तुझा पूल अर्धाच राहिलाय, त्याला हात लावायला मी धजत नाही. मार्टा रिकाम्या हातांनी अलीकडच्या काठावर उभी आहे, आणि तिच्या शेजारी उभा आहे

तुझाच,
सिक्सटेन