आधी टोकापर्यंत

प्रिय ठाणेदारबाई,

आता तुला ठमी म्हणायची चोरी, म्हणून हा मायना. तीन आठवडे मी तुझा फोन उचलला नाही. हट्टीपणात बापलेक एकाच माळेचे मणी, असं तुझी आई रोज ऐकवते.

निकालाच्या दिवशी आपल्या पक्षाच्या लोकांनी तुझ्या ठाण्याच्या ध्वजस्तंभावर, राष्ट्रध्वजाखाली, पक्षाचा झेंडा बांधला आणि तू तो उतरवलास. नीट घडी करून त्यांच्या हातात दिलास म्हणे. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं वर्दीखाली दडवलेला माझा पक्ष एकदाचा जिंकला आणि माझ्याच लेकीने त्याचा झेंडा काढला. खरं तर ती घडी मीच तुला शिकवली, वाळलेल्या चादरीवर. माझ्याकडचा कोपरा जमिनीला टेकला की तू मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचीस.

काल चादर काढताना मिशीवाला आठवला, माझा ड्यूटीचा जोडीदार. विरोधी पक्षाचा मोठा नेता वारला तेव्हा ध्वज अर्ध्यावर ठेवायचा हुकूम आला. नियम असा की ध्वज आधी टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा. मला तो नेता डोळ्यांसमोर नको असायचा. मी थेट अर्ध्यावरच दोरी बांधून मोकळा झालो. मिशीवाला तर त्या माणसाला माझ्याहून जास्त शिव्या घालायचा. पण त्याने मुकाट्याने ध्वज उतरवला, टोकापर्यंत नेला, सलाम केला आणि मग अर्ध्यावर आणला. नंतर चहा पिताना एवढंच म्हणाला, "मत घरी ठेवून येत जा रे. इथे फक्त दोरी धरायची." मी कप विसळायच्या निमित्ताने उठलो. बापाची फजिती लेकीला कोण सांगतं, म्हणून हे तुला कधी बोललो नाही.

त्या झेंड्यावरून उद्या तुझी चौकशी आहे. तक्रारीवर चार सह्या आहेत. चौथी कोणाची, ते तुला साहेबांच्या आधी माझ्याकडून कळावं. माझी आहे, पोरी. माजी पोलिसाच्या सहीला वजन असतं, असं पक्षातले म्हणाले आणि मी फुगलो. आज सकाळी कचेरीत जाऊन ती मागे घेतल्याचं लिहून दिलं. पक्षातले आता माझ्याशी बोलत नाहीत. उद्या दहा वाजता मी साहेबांच्या दाराबाहेर बाकावर असेन. आत बोलावलं, तर ती घडी कोणी शिकवली ते सांगेन. हे पत्र आईच्या हाती पाठवतोय. उद्या माझ्याकडे न बघता आत गेलीस तरी चालेल, पण जेवणाचा डबा माझ्याजवळ असेल, तो घेऊन जा.

तू मला बडतर्फ केलं नसशील तर,
तुझाच
बाबा