रीसेट चालू असताना

प्रिय प्रेमिलाताई,

मी मनीषनगरातच आहे अजून. एवढे दिवस एका जागी टिकलो म्हणून आई शेजारणींना कौतुकानं सांगते. कूलरला खसच्या नव्या ताट्या लावल्या. त्या आणायला गांधीबागेत गेलो आणि भलतंच बघत फिरलो, ते राहू दे.

कॉलेज अर्धवट सोडलं तरी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये हौसेनं दुरुस्त्या करत असतो. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यामधला बोलणारा प्रोग्राम. कार्ड अडकलं की ते रीसेट करतात आणि तेवढ्यात त्याच्याशी कुणी बोललं तर अख्खी मशीन थिजते. म्हणून आधी तपासायचं, रीसेट चालू आहे का. पण कोडमध्ये जो तो आपापल्या पद्धतीनं तपासायचा. मी ते सगळं काढून एकच तपासणी ठेवली. सगळ्यांनी तिलाच विचारायचं.

घरीही मी तेच केलं होतं. लकवा झाल्यापासून बाबा बोललेच नव्हते. डॉक्टर म्हणतात, आता बोलते व्हायला हवेत, नाहीतर बोलणं कायमचं राहून जाईल. बाबा बोलायच्या तयारीत आहेत का, हे जो तो आपापल्या परीनं बघायचा: काका डोळे उघडे दिसले की गप्पा सुरू करायचे, आई पायाचा अंगठा हलतो का बघायची, मी रेडिओ लावून पाहायचो. बाबा चिडून भिंतीकडे तोंड करायचे. मग मी ठरवलं, येईल त्यानं आधी आईला विचारायचं, आत्ता भेटू का. घर शांत झालं. तू येऊ का विचारलंस तेव्हा तुलाही आईनं सांगितलं, आत्ता नको, जरा बरं होऊ दे त्यांना.

इकडे माझ्या दुरुस्तीनंतर कार्ड एकदा अडकलं ते उठेचना. धरमपेठेत माझ्या मित्राला, धम्मानंदला दाखवलं. पोह्यावर तर्री ओतता ओतता त्यानं कोड वाचला आणि म्हणाला, काहून गा, जो उठवाले चालला त्यालेच दाराशी अडवून राहिला तू. खरंच होतं. रीसेट करणारा कोडही माझ्याच तपासणीपाशी थांबला होता, रीसेट संपायची वाट बघत. त्याच्यापुरती वाट मोकळी केली, कार्ड उठलं.

काल तुझा फोन आईनं बाबांच्या खाटेजवळच स्पीकरवर ठेवला होता. तिचं पुन्हा आत्ता नको ऐकून तू म्हणालीस, बरं, मग कळव. आईनं फोन ठेवला आणि ती आत गेली. बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. पमी, म्हणाले. शब्द ओढत, पण तुझंच नाव म्हणाले. मी फोन करून सांगितलं असतं, पण तू परत आईलाच विचारशील. म्हणून लिहितोय. कुणाला न विचारता ये.

तुझाच, सध्या तरी घरी असलेला,
रोशन