खोट्या फोनचा तास

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळ नीट जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

मुलं इंग्रजी बोलायला लाजतात, म्हणून आज वर्गात खेळण्यातला फोन नेला. मी डॉक्टर, त्यांनी मला इंग्रजीत फोन करायचा. कुणाचं पोट दुखलं, कुणाचं मांजर आजारी पडलं. खूप हसलो.

मग वर्षभर तोंड न उघडलेली एक पोर उठली. म्हणाली, "डॉक्टर, बाबा आईला मारतात. मलापण. लवकर या." मी शिकवला होता तसा पत्ताही सांगितला, घर नंबरासकट. तिच्या घरी कुणाला इंग्रजी येत नाही गं.

शाळा सुटल्यावर तिचा बाप फाटकाशी होता. पाहुण्यांसमोर आपले बाबा हसायचे ना, अगदी तसं हसून म्हणाला, "बाई, आमची काही बोलते का?"

"छे, एक शब्द नाही," मी म्हटलं. तो तिला घेऊन गेला.

पोलिसांना फोन मीच करावा, असं मोठ्या बाई म्हणतात. समोर खरा फोन आहे आणि तो उचलवत नाही, म्हणून आधी तुला लिहायला बसले. तू तेव्हा का गप्प राहायचीस, ते आज कळलं.

पत्र मिटते आणि फोन उचलते.

तुझी,
धाकटी