लॅचवरची चौदा मिनिटं

पिंप्राळा, जळगाव

प्रिय भूषण,

फोनवर बोलणार होतो, पण कालपासून तीनदा तुझा नंबर लावला आणि कापला. तुझे नाना घरात पडले त्याला आज नऊ दिवस झाले. तुमच्या शेजारचे झुलाल आबा अख्ख्या कॉलनीला सांगत फिरतायत की कय्युमभाई चावीवाल्याच्या पोराने दाराला ओरखडासुद्धा न पाडता लॅच उघडलं. धुळ्याला पोचल्यावर तूही मेसेज टाकलास, ‘तुझे पॉइंट वसूल झाले रे.’ तो वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो.

तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम खेळताना किती भांडलो आपण त्या पॉइंटांवरून. लेव्हल वाढली की मी कुलपं उघडण्यात टाकायचो, तू कुऱ्हाडीत. तुझं म्हणणं, चावी कुठल्यातरी मेलेल्या पहारेकऱ्याच्या खिशात सापडतेच, नाहीतर पेटी फोडावी. कुलपांवर पॉइंट घालवणारा शेवटच्या राक्षसाचा मार खातो. खायचोही मी. पण फोडलेल्या पेटीत औषधाच्या बाटल्या फुटल्या की तुला चिडवायला काय मजा यायची. चावीवाल्याचा मुलगा मी, फोडाफोडी मला अडाणीपणाच वाटायची. नाना खुर्चीतून बघायचे आणि दोघांनाही येडे म्हणायचे.

त्या मंगळवारी अब्बा लग्नाला भडगावला गेले होते, म्हणून आबांनी मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा रिक्षा दारात उभी होती आणि आबांच्या हातात पहार होती. खिडकीतून नाना फरशीवर पडलेले दिसत होते. आबा म्हणाले, ‘फैसल, दार तोडी टाकूत का?’ मी नको म्हणालो. दोन मिनिटं द्या म्हणालो आणि तारा काढून गुडघ्यांवर बसलो. खेळात कुलपाला हात घातला की सगळं जग थांबतं, राक्षससुद्धा उचललेला हात तसाच धरून उभा राहतो. मला तसंच वाटत होतं, भूषण. लॅचच्या आतल्या चार पिना बसायच्या, पाचवी सटकायची, पुन्हा पहिल्यापासून. आबांनी दोनदा पहार उचलली, दोनदा मी त्यांना थांबवलं. लॅच उघडलं तेव्हा बाहेर टाळ्या वाजल्या आणि मला आनंद झाला. आधी आनंद झाला, मग मी नानांकडे धावलो.

आत माणूस असेल तर आधी फोडायचं, हा अब्बांचा नियम मला लहानपणापासून ठाऊक आहे. भडगावहून आल्यावर त्यांनी फक्त किती वेळ लागला एवढंच विचारलं. मी दोन मिनिटं म्हणालो, आणि मला ते खरंच वाटत होतं. काल समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात बघितलं. चौदा मिनिटं. तीनदा बघितलं, तरी चौदाच.

थोडं आधी आणलं असतं तर लकव्यातून उजवा हात वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू म्हणालास, शेजाऱ्यांना उशिरा कळलं असेल. त्यांना वेळेत कळलं होतं. उशीर मी केला, तोही ऐटीपायी. रविवारी तू येशील, त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून लिहितोय. मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाना अजून बोलत नाहीत, पण मी गेलो की तोंड भिंतीकडे वळवतात. औषधाची गुंगी असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण त्या दिवशी ते शुद्धीत होते, भूषण. खिडकीतून मला दिसलं होतं. डोळे उघडे होते आणि ते दाराकडेच बघत होते.

अजून म्हणता येत असेल तर तुझाच,
फैसल